मध्यंतरातली फेरी

त्या शनिवारी गाडीतून उतरताना वडिलांनी आधी काठी बाहेर काढली, मग डावा पाय, आणि मग उजवा पाय हाताने उचलून. उजव्या खुब्याला ते "आपला भाडेकरू" म्हणायचे. "भाडेकरू आज कुरकुरतोय," ते म्हणाले. मी गाडी लॉक केली आणि त्यांच्या डाव्या बाजूने चालू लागले. उजवी बाजू काठीची होती.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. थॉर्नक्लफ टाउन या आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर गवतापेक्षा चिखल जास्त होता. आम्ही नेहमीप्रमाणे खालच्या गोलामागे, कठड्याला टेकून उभे राहिलो. तिथे हॅरल्ड सटक्लिफ आणि नदीम आधीच होते. हॅरल्ड निवृत्त पोस्टमन, वडिलांच्या शाळेपासूनचा मित्र. नदीम टॅक्सी चालवतो. चाळिशीचा असला तरी या टोकाला तो अजून पोरगाच समजला जातो.

वाद सुरू होता. गुरुवारी बातमी फुटली होती की डोंगरापलीकडच्या मार्सबेकने अदलाबदल सुचवली आहे. त्यांचा एकवीस वर्षांचा स्ट्रायकर अकिनोला आम्हाला, आणि आमचा डावा बचावपटू जॉस हेबलथ्वेट त्यांना.

"जॉसला देणार? मार्सबेकला?" हॅरल्ड म्हणाला. "त्यापेक्षा मला द्या म्हणावं."

"तुझ्या बदल्यात ते कॉर्नरचा झेंडासुद्धा देणार नाहीत," नदीम म्हणाला.

"तेरा वर्षं खेळलाय तो. क्लब बुडत होता त्या वर्षी एक पैसा न घेता खेळलाय. कपडे बदलायच्या खोलीतला बॉयलर कुणी दुरुस्त केला?"

"प्लंबर आहे तो, करणारच. बॉयलर केला म्हणून आघाडीवर गोल होतात का? नऊ सामन्यांत चार गोल केलेत आपण, हॅरल्ड. चार. त्यातला एक त्यांच्याच माणसाच्या पाठीला लागून गेला."

"गोल तो गोल."

"मग त्या पाठीलाच करारावर घेऊ या."

वडील हसले. नेहमी अशा वादात ते मधे पडून दोघांनाही एकेक टोला द्यायचे. त्या दिवशी मात्र बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. जॉस आमच्याच बाजूने धावत होता. जर्सीच्या बाह्या वर केलेल्या, गुडघ्याला पट्टी.

"त्याला विचारलंय का कुणी?" वडील म्हणाले.

"कुणाला?"

"जॉसला."

"त्याला काय विचारायचं? तो आपलाच आहे," हॅरल्ड म्हणाला.

"तेच म्हणतोय मी," वडील म्हणाले.

आमच्याकडे जुनी रीत आहे. आपला संघ ज्या गोलावर चाल करतो त्याच्या मागे उभं राहायचं. मध्यंतराला संघ बाजू बदलतात, तसे आम्हीही बदलतो. दोन-अडीचशे माणसं चहाचे कप घेऊन मैदानाला अर्धा वळसा घालतात आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहतात. धडधाकट माणसाला चार मिनिटं लागतात. वडिलांना आणि मला अलीकडे तेरा-चौदा लागायची. आम्ही पोचायचो तेव्हा पंच शिट्टी तोंडात धरून घड्याळ बघत असायचा.

ती फेरी कशी असायची हे सांगायला हवं. आम्ही घरी फारसं बोलणारी माणसं नव्हतो. सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून मी दर शनिवारी लीड्सहून गाडी चालवत यायची. दुपारी आम्ही सूप प्यायचो. रेडिओ चालू असायचा, आणि बोललोच तर गटारीबद्दल किंवा शेजारणीच्या मांजराबद्दल. पण मध्यंतराला त्या कठड्याच्या कडेने, दोघं एकाच दिशेला बघत, इंच इंच पुढे सरकत असताना काय काय बोलणं झालं. आईच्या आधी त्यांचं एका मुलीवर मन होतं आणि ती कॅनडाला गेली, हे मला त्या फेरीत कळलं. मी घटस्फोट घेतेय हे मी त्यांना तिथेच सांगितलं, पूर्वेच्या कोपऱ्यात. ते थांबले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मला तो कधीच आपल्या बाजूचा वाटला नाही." मग चालायला लागले. कॉलेजात मी इतिहास शिकवते, आयुष्यभर पुस्तकं वाचली. पण एखादा माणूस इतक्या सावकाश मला दुसरीकडे कुठे कळलेला नाही.

त्या शनिवारीही निघालो. क्लबची सचिव नॉर्मा प्रीस्टली चहाच्या टपरीतून दोन कप माझ्या हातात देत म्हणाली, "क्लिफ, तू पोचेपर्यंत मोसम संपेल."

"मग पुढच्या मोसमाला वेळेवर पोचेन," वडील म्हणाले.

टपरी मागे पडल्यावर मी म्हटलं, "जॉसला द्यायचं म्हणजे लाज वाटायला हवी आपल्याला."

"का गं?"

"इतकी वर्षं राहिला तो. आणि आता गुडघा गेला म्हणून त्याच्या बदल्यात नवा माणूस."

"माणूस कधी कधी राहतो, पोरी, कारण त्याला जा म्हणणारं कुणी नसतं."

"आणि राहावंसं वाटतं म्हणूनही राहतो."

"तेही असेल," ते म्हणाले. तीन पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "पण कळायचं कसं?"

मी त्यांच्या चालण्याकडे बघत होते. प्रत्येक पावलाला ओठ किंचित आवळले जात होते. गेल्या महिन्यापेक्षा वाईट होतं. मुख्य स्टँडमध्ये खुर्च्या आहेत, वर छप्पर आहे. मी सहज म्हणाले, "पुढच्या शनिवारी स्टँडमध्ये बसू या. ही फेरी कशाला दर वेळी?"

ते थांबले. कॉर्नरच्या झेंड्यापाशी होतो आम्ही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी चालताना आम्ही एकमेकांकडे बघत नसू.

"कंटाळलीस?"

माझ्या दोन्ही हातांत चहा होता. एका कपाचं झाकण नीट बसलं नव्हतं, बोटांवर गरम चहा ओघळत होता. मी म्हणाले, "चहा सांडतोय, डॅड. चल."

"बरं," ते म्हणाले. "बसू स्टँडमध्ये."

सामना शून्य-शून्य सुटला. घरी जाऊन आम्ही आदल्या दिवशीचं उरलेलं मटाराचं सूप घेतलं. सहाला मी निघाले. ते खिडकीत आले, पडदा एका बाजूला करून काठी वर केली. दर शनिवारी करायचे तशीच.

बुधवारी सकाळी शेजारणीचा फोन आला. किटली उकळून बंद झाली होती आणि ते स्वयंपाकघराच्या फरशीवर होते. मी पोचले तेव्हा कुणीतरी त्यांचा चष्मा घडी करून टेबलावर ठेवला होता.

त्यानंतरच्या दिवसांत कामं बरीच असतात, आणि असतात ते बरंच असतं. अंत्यसंस्काराची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मी कॉलेजातून सुट्टी घेतली आणि त्यांच्याच घरी राहिले. कोटाच्या खिशात पेपरमिंटचं पाकीट होतं, हातमोजा एकच. त्या शनिवारच्या आधी किंवा नंतर काय झालं ते आठवायला गेलं की मन पुन्हा कॉर्नरच्या झेंड्यापाशी येऊन थांबायचं. दुसरं कुठलंही वाक्य चाललं असतं. "नाही रे" एवढंसुद्धा. दोन शब्दांना किती वेळ लागतो?

सोमवारी नॉर्माचा फोन आला.

"ज्यूडिथ, विचारू की नको असं झालंय मला."

"विचार."

"रविवारी अकराला ऐकायची सभा आहे. जॉसची. क्लिफने बोलायला नाव दिलंय."

मला आधी नीट समजलं नाही. ऐकायची सभा म्हणजे काय ते माहीत होतं. क्लब आमच्या, म्हणजे सभासदांच्या मालकीचा. दोनशेच्या वर सामने खेळलेला खेळाडू दुसऱ्या क्लबला द्यायचा असेल तर व्यवस्थापकाने आधी सभासदांचं म्हणणं ऐकायचं, असा चाळीस वर्षांचा नियम आहे. निर्णय त्याचाच, पण ऐकल्याशिवाय नाही. बोलणाऱ्याच्या हातात एक जुना लाकडी करकरा देतात, पूर्वी गोल झाल्यावर गरगर फिरवून वाजवायचे तसला. ज्याच्या हातात तो असेल त्याला कुणी मधे तोडायचं नाही. वडील प्रत्येक सभेला जायचे, मागच्या रांगेत बसायचे आणि कधीही बोलायचे नाहीत.

"कधी नाव दिलं?"

"मंगळवारी. मार्सबेकच्या बाजारातून येताना टपरीवर आला होता. म्हणाला, उभं राहून बोलायला जमणार नाही, लिहून आणलंय, तूच वाच. कागद आहे माझ्याकडे. मी उघडलेला नाही. टेप लावलीय त्याने चारी बाजूंनी, पार्सल असल्यासारखी." मग म्हणाली, "मी वाचू शकते. पण मला वाटलं, आधी तुला विचारावं."

मंगळवार. म्हणजे गेले त्याच्या आदल्या दिवशी.

"मी वाचते," मी म्हणाले. खरं तर मला तो कागद दुसऱ्या कुणाच्या हातात जायला नको होता.

रविवारी क्लबघरात इतकी थंडी होती की सगळे, पुढे ऐकायला बसलेला व्यवस्थापकही, कोट घालूनच बसले होते. बॉयलर सकाळी बंद पडला होता. नॉर्माने जॉसला फोन करून बोलावून घेतलं होतं, कारण गावात रविवारी दुसरा प्लंबर मिळत नाही. तो मागच्या कोपऱ्यात बॉयलरच्या कपाटात अर्धा आत होता, आणि आमच्या बाजूला फक्त त्याच्या बुटांचे तळवे दिसत होते. ज्याच्यासाठी सभा तो खेळाडू सभेला येत नाही, अशी रीत आहे. त्यामुळे जमलेल्या साठ-सत्तर लोकांनी तो तिथे नाहीच असं ठरवून टाकलं.

नॉर्माने आधी वडिलांचं नाव घेतलं. सगळे उठून उभे राहिले, टोप्या काढल्या आणि बसले. मग करकरा हॅरल्डकडे गेला.

हॅरल्ड तेरा वर्षांबद्दल बोलला, त्या बिनपगारी मोसमाबद्दल बोलला, आणि शेवटी म्हणाला, "माणूस म्हणजे काय जुनी गाडी आहे, देऊन नवी घ्यायला?" मला कळत होतं की तो फक्त जॉसबद्दल बोलत नव्हता. गेल्या दोन शनिवारी कठड्यापाशी त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

नदीमने करकरा घेतला. "मला जॉस आवडतो," तो म्हणाला. "माझ्या पोराच्या खोलीत त्याचा फोटो आहे. पण खालच्या श्रेणीत गेलो आपण तर हा क्लबच राहणार नाही, मग कुणाशी निष्ठा ठेवायची? तो बॉयलरशी?" काही जण हसले. कपाटातली खडखड क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

आणखी चार-पाच जण बोलले. मग नॉर्माने माझ्याकडे पाहिलं.

करकरा वाटला होता त्यापेक्षा जड होता. तो मी काखेत धरला आणि टेप फाडली. शाळेच्या वहीचं पान होतं, वडिलांचं मोठं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. मी वाचायला सुरुवात केली.

"मी क्लिफर्ड अॅक्रॉइड. हा नियम ज्या सात जणांनी लिहिला त्यांतला मी एक. आता एकटाच उरलोय, म्हणून चूक कुणाची ते मीच सांगायला हवं. नियमात आम्ही लिहिलं की समितीचं ऐकायचं, सभासदांचं ऐकायचं, व्यवस्थापकाने ऐकायचं. ज्याला द्यायचं त्याचं ऐकायचं, हे लिहायचं राहून गेलं. चाळीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

"अठ्ठावीस वर्षं मी थॉर्नक्लफ ते मार्सबेक दुमजली बस चालवली. सामन्याच्या दिवशी आपले लोक खाली आणि त्यांचे वर बसवायचो, म्हणून कधी मारामारी झाली नाही. अजून दर मंगळवारी त्याच बसने बाजाराला जातो. तिथल्या शाळेच्या फाटकापाशी जॉसची व्हॅन उभी असते. तीन वीसला त्याच्या दोन मुली येतात, व्हॅनमध्ये त्याच्याजवळ बसतात. चारला त्यांची आई येऊन तिच्या घरी घेऊन जाते, आणि हा सरावाला इकडे यायला निघतो. शनिवारी तर त्याला जमतच नाही. मार्सबेकचं मैदान त्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर आहे.

"त्याला जायचंय की नाही मला माहीत नाही. पण जायचं असलं तरी तो म्हणणार नाही, कारण आपल्याला वाईट वाटेल. आणि आपण त्याला जा म्हणणार नाही, कारण तो आपल्याला हवाय. मग दोन्हीकडचे गप्प बसतात आणि त्याला निष्ठा म्हणतात. म्हणून कुणीतरी त्याला विचारा."

इथे पान संपलं. मी ते उलटलं. मागच्या बाजूला थोडंच होतं, आणि माझी नजर शब्दांच्या पुढे धावली. थांबता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण त्यांनी ते वाचून दाखवायला लिहिलं होतं.

"हे मला कसं सुचलं तर माझ्या घरीही तेच चाललंय. माझी मुलगी सहा वर्षं दर शनिवारी येते. तिला फुटबॉल आवडत नाही, लहानपणी ती कठड्यावर बसून पुस्तक वाचायची. परवा ती दमलेली दिसली. मी विचारलं तर विषय बदलला, मला वाईट वाटू नये म्हणून. तिच्या आईसारखीच आहे. पुढच्या मोसमाला मी तिचं तिकीट काढणार नाही. भाडेकरूमुळे मलाच जमत नाही असं सांगेन. तिने पुष्कळ सामने खेळले. तिचे शनिवार तिला परत. बस एवढंच."

हॅरल्ड टोपीकडे बघत होता. कपाटातली खडखड केव्हा थांबली ते मला कळलं नव्हतं.

जॉस उभा राहिला होता. हातात पाना, कपाळावर काजळी.

"मी सभेला म्हणून आलो नाहीये," तो नॉर्माला म्हणाला.

"आलायस ना," नॉर्मा म्हणाली. "ज्यूडिथ, दे त्याला."

मी मागे गेले आणि करकरा पुढे केला. त्याने हात पँटला पुसले, मग घेतला. बराच वेळ तो त्याच्या दात्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

"मला जायचंय," तो म्हणाला. "पोरींमुळे. मी स्वतःहून म्हटलं नसतं."

"इतके दिवस बोलला का नाहीस मग?" हॅरल्ड म्हणाला. मधे बोलायचं नसतं, पण त्याला कुणी अडवलं नाही.

"कसं बोलू, हॅरल्ड? दर शनिवारी तू कठड्यावरून ओरडतोस, जॉस, तू मेलास तरी इथेच पुरू."

"ते कौतुक होतं."

"माहितेय मला," जॉस म्हणाला. "म्हणूनच."

हॅरल्डने मान हलवली, दोनदा. टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "जा मग," तो म्हणाला. "पण आपल्याविरुद्ध गोल केलास तर बघ."

"तेरा वर्षांत सहा केलेत मी," जॉस म्हणाला. "घाबरू नकोस."

लोक हसले, आणि खोलीत जरा ऊब आल्यासारखं झालं, बॉयलर अजून बंदच असला तरी. जॉसला करकरा नॉर्माकडे द्यायचा असतो हे माहीत नसावं. ज्याच्याकडून घेतला त्याला परत द्यायचा, अशा सरळ हिशोबाने त्याने तो माझ्याच हातात ठेवला आणि पाना घेऊन कपाटात शिरला.

मी खोलीच्या मागे, उभी. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. आमच्याकडे करकरा हातात असलेल्या माणसाची वाट बघतात, मग तो बोलो न बोलो. नॉर्माने हात पुढे केला, म्हणजे नको असेल तर दे इकडे. माझ्यामागोमाग ती मागे आली होती, दोन पावलांवर होती.

खिडकीतून मैदान दिसत होतं. रविवार असल्याने रिकामं. पूर्वेचा कोपरा, कठडा, आणि त्याच्या कडेने माणसांच्या चालण्याने पडलेली चिखलाची वाट. झेंडे काढून ठेवलेले होते, पण जागा मला बरोबर माहीत होती.

"डॅडचं जॉसबद्दल बरोबर होतं," मी म्हणाले. "माझ्याबद्दल चुकलं. त्याचा दोष नाही. त्याने विचारलं होतं, मीच उत्तर दिलं नाही. माझ्या हातात चहा होता."

नॉर्माने हात खाली घेतला.

"फुटबॉल मला आवडत नाही, ते खरं आहे. या मोसमात आपण कितवे आहोत तेही मला सांगता येणार नाही. स्टँडमध्ये बसू या म्हटलं ते त्याच्या खुब्यासाठी. तो ओठ आवळून चालत होता आणि मला ते बघवत नव्हतं. त्याला वाटलं, मी दमले."

पुढचं लोकांना उद्देशून सांगता येईना. मी खिडकीकडे वळले. काच थंड होती, माझ्या श्वासाने धुरकट झाली. ती बाहीने पुसली.

"डॅड," मी म्हणाले, "मी कंटाळले नव्हते. मध्यंतर कधी होतंय याची मी सोमवारपासून वाट बघायची. माझे शनिवार मला परत नकोत. तू जितका हळू चालायचास, तितकं मला बरं वाटायचं."